कूलर बंद

एप्रिल लागला की फळ्याच्या कोपऱ्यात मी लिहिते:
कूलर बंद.
पोट्टे ओरडतात, मॅडम, चव्वेचाळीस हाय बाहेर!
असू दे.
झोत एकाच अंगानं लागतो,
तासाभरात तुमच्या पाट्या कडांनी उचलतात
उन्हातल्या पापडासारख्या,
आणि शुक्रवारी मला नुसत्या भेगा दाखवता.

चाक नाही आमच्याकडे.
संस्थेच्या ऑफिसात अर्ज पडून आहे तीन वर्षं,
त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग.
तेवढंच काय ते चाक.

म्हणून हात.
अंगठा आत, चार बोटं बाहेर,
चिमटत चिमटत वाटी वर आणायची.
मग करंगळीएवढ्या वळ्या, एकीवर एक.
मग पाट्या: घरून आणलेलं लाटणं,
दोन्ही बाजूंना फूटपट्ट्या,
म्हणजे जाडी सारखी राहते.

ओजस परातेनं खाली अंथरला
वडिलांच्या मागावरचा, न विकलेला एक तुकडा.
पाटी उचलली तर मातीत
उभा धागा, आडवा धागा,
आणि एके ठिकाणी
तुटला म्हणून मारलेली गाठ.
तो बोटानं ती पुसायला गेला.
मी मनगट धरलं त्याचं.

जोडायच्या आधी दोन्ही कडा ओरबाडा,
जुन्या टूथब्रशनं, काट्यानं,
मधे पातळ माती भरा.
गुळगुळीत कडा एकमेकींना धरत नाहीत.
दर वर्षी सांगते.
दर वर्षी कुणीतरी नुसतं पाणी लावून भागवतं
आणि भट्टीतून कप एकीकडे, कान एकीकडे.
टोपलीभर कान जमलेत माझ्या कपाटात,
ऐकत मात्र कुणी नाही.

कुंभारटोळीची आश्लेषा मागे बसायची.
चौथ्या गुरुवारी, माती मळता मळता, वर न बघता:
"आमच्या घरी चाक हाय जी.
बाबा अन् काका बसते त्याच्यावर.
मले हात नाही लावू देत.
आईनं बी नाही लावला कधी."
मग आई काय करते?
"माती चाळते. राख मिसळते.
माठाचं बूड थापटणीनं ठोकते,
ते चाकावर नाही ना होत.
चुली करते, पोळ्याचे बैल करते.
सारं खाली बसून, हातानं."
मळणं थांबलं.
"म्हणजे तुम्ही जे शिकवून राहिल्या,
ते तिले येते."

शेवंताबाई पुढच्या गुरुवारी आल्या,
चपला दाराबाहेर, पदर खोचलेला.
क्लार्कनं रजिस्टर पुढं केलं, शिक्षणाचा रकाना.
त्यात मी एक रेघ ओढली, आणि सही केली.
त्या फरशीवर बसल्या.
बाकांवरून एकेक पोट्टं खाली उतरलं, कुणी न सांगता.
फूटपट्टी नाही, लाटणं नाही.
तळहाताची कड फिरत गेली
आणि मातीला तीन उंचवटे आले,
पुढं तोंड, वर बसायला भांड्याची जागा.
पुसलेला हात त्यांनी कोपरावर पुन्हा पुसला.
आश्लेषा बघत नव्हती,
ती खिडकीबाहेर कुणी बघतंय का
ते बघत होती.

मग शेवंताबाईंनी टेबलावरचा माझा नमुन्याचा कप उचलला,
कॉलेजात बक्षीस मिळालेला,
बोटाच्या पेरानं वाजवला, कान दिला.
"चांगला हाय जी. बूड जड झालं."
वर्ग हसला.
मी हसले, पण स्टाफरूममध्ये गेल्यावर.

निघताना दारात थबकल्या.
घामानं थबथबलेली अठ्ठावीस पोरं,
पलीकडं गप्प उभा कूलर.
"हे काऊन बंद?"
मी समजावलं. झोत, कडा, भेगा.
त्यांनी ऐकून घेतलं सगळं,
मग बादलीत बारदान बुडवलं, पिळलं,
चूल झाकली, ओजसची पाटी झाकली,
वाट्या झाकल्या एकेक करून,
उरलेलं फडकं माझ्या कपावर टाकलं,
तो तर भाजलेला होता केव्हाचाच.
"आता लावा. लेकरं वाळून राहिली तुमची."

सोमवारी फळ्यावर
नुसतं 'कूलर' उरलं होतं.
पुढचा शब्द कुणीतरी ओल्या हातानं पुसलेला,
तिथं मातीची चार बोटं.